पाच एचपी विहिरीला, होडीला किती?

ताडकळसच्या दक्षिणेला धानोरा काळेच्या पुलाखालून गोदावरी जाते आणि पूर्णा तालुक्यातच कंठेश्वरजवळ पूर्णा नदी तिला येऊन मिळते. मुळी, दिग्रस, अंतेश्वर हे बंधारे झाल्यापासून या पट्ट्यातलं पात्र जागोजाग तळ्यासारखं भरून राहतं. पाणी लांबवर पसरलं तसं वल्हं मारायचं अंतरही वाढलं. होडीच्या मागं एखादं छोटं इंजिन टांगावं, हा विचार मग मच्छीमाराच्या डोक्यात येणारच. अडचण एवढीच की आपल्याकडची इंजिनाची सगळी समज विहिरीवर आणि बोअरवर तयार झालेली आहे. ‘किती एचपी?’ हा तिथला पहिला प्रश्न, आणि नदीवरही तोच पहिला विचारला जातो.

‘एचपी जास्त, तर होडी जास्त पळणार.’ सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. विहिरीवर मोठी मोटर बसवली की पाणी जास्त येतं. होडीला मात्र स्वतःच उठवलेली लाट आडवी येते. वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. तिची लांबी होडीएवढी झाली की नाळ वर उचलली जाते, मागची बाजू खळग्यात बसते आणि तिथून पुढं इंजिन होडीला कायम चढावर ढकलत राहतं. ही मर्यादा इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही, होडीच्या लांबीवर ठरते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजा, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. येईल तो वेग नॉटमध्ये. चौदा फुटांसाठी हे उत्तर पाच नॉट येतं, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. या मर्यादेच्या आतसुद्धा लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या हिशेबानं वाढते. ताकद दुप्पट केली की वेग फार तर पाव हिश्शानं वाढतो, मर्यादेजवळ तेवढाही नाही. पेट्रोल मात्र दुप्पटच जळतं.

यावर कोणीतरी म्हणेल, ‘मी पंधरा एचपीची होडी पाण्यावर उडताना पाहिली आहे.’ खरं आहे. हलकी, सपाट बुडाची फायबरची होडी आणि त्यात एकटा माणूस असेल तर ती लाटेवर चढून पाण्यावरून सरकायला लागते. त्याच होडीत दोन माणसं, ओली जाळी, बर्फाची पेटी आणि परतताना रोहू-कटला भरा. ती पुन्हा पाण्यात बसते आणि पंधरा एचपी नुसती ओरडत राहते.

मग लागते किती? भरल्या वजनाच्या एका टनाला चार-पाच एचपी, हा अशा होड्यांसाठीचा जुना ठोकताळा आहे. आपल्या होडीचा हिशेब मांडून पाहा. होडी दीडशे किलो, दोघं जण एकशे तीस, जाळी, पेटी आणि इंजिन मिळून सत्तर, मासे दीडशे. झाला अर्धा टन. शांत पाण्यात दोन-अडीच एचपीत काम होतं. समोरचा वारा, थोडी धार आणि इंजिनाचं वय धरून दुप्पट करा. चार ते सहा एचपीच्या पुढं जायचं कारण बहुतेकांना नाही. या ताकदीचं इंजिन पंचवीस किलोच्या आसपास भरतं, एकटा माणूस खांद्यावर टाकून घरी नेतो. पंधरा एचपीचं फोर-स्ट्रोक पन्नास किलोच्या घरात जातं आणि ते सगळं वजन होडीच्या मागच्या फळीवर लोंबतं.

त्या फळीचंच पुढचं प्रकरण. ‘इंजिन कुठल्याही होडीला बसतं’ असं दुकानात सांगतात. दोन्ही टोकं निमुळती असलेल्या होडीला ते सरळ बसत नाही; मागं सपाट आणि भक्कम फळी हवी, नाहीतर बाजूला वेगळा ब्रॅकेट करून घ्यावा लागतो. फळी असली तरी टेप घेऊन वरच्या कडेपासून होडीच्या बुडापर्यंतची उंची मोजा. इंजिनाचे पाय मुख्यतः दोन मापांत येतात: पंधरा इंच आणि वीस इंच. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. पाय आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. लांब पडला तर उन्हाळ्यात खडकावर आपटतो. खरेदीत फसलेली बरीच इंजिनं या पाच इंचांत फसलेली असतात.

‘पेट्रोल म्हणजे पेट्रोल.’ पूर्वी हे चालून गेलं असतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि होडीच्या इंजिनांच्या बहुतेक पुस्तिका दहा टक्क्यांपर्यंतचीच परवानगी देतात. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. नदीकाठी अर्धी रिकामी टाकी महिनाभर पडून राहिली तर पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, आणि इंजिन पहिला घोट त्याचाच घेतं. वीस टक्क्यांना चालणारं मॉडेल कोणतं, हे विकत घेण्याआधी लेखी विचारा. दोन-तीन फेऱ्यांपुरतंच पेट्रोल आणा. इंजिन ठेवून देताना कार्बोरेटर कोरडा करा.

टू-स्ट्रोक घेतलं तर त्यात तेल मिसळावं लागतं. पन्नासास एक हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे पाच लिटरला शंभर मिली. इथं मोटारसायकलचं टू-टी ओतायचा मोह होतो. पाण्यानं थंड होणारं हे इंजिन तुलनेनं गार चालतं, त्याला टीसी-डब्ल्यू३ खुणेचं वेगळं तेल लागतं. फोर-स्ट्रोकला मिसळणीची भानगड नाही; पेट्रोलही बरंच कमी लागतं, पण ते जड असतं आणि त्याचं ऑइल वेळेवर बदलावं लागतं. रोज जाणाऱ्यानं फोर-स्ट्रोक घ्यावं, असं माझं मत. रॉकेलवर चालणारी इंजिनं समुद्रकाठी दिसतात, पण ती मुळात त्यासाठीच घडवलेली असतात आणि सुरू पेट्रोलवर होतात. साध्या पेट्रोल इंजिनात रॉकेल ओतून काजळीशिवाय काही हाती लागत नाही.

‘शेतातलं डिझेल इंजिन लांब दांडा लावून बसवलं की झालं.’ हा निव्वळ वेडेपणा नव्हे. थायलंडमध्ये लांब दांड्याच्या होड्या अशाच चालतात, आणि उथळ, गवताळ पाण्यात तो दांडा उचलता येतो ही मोठी सोय. पण आपल्याकडचं पाणी ओढायचं लिस्टर धाटणीचं धूड लहान होडीत चढवलं की मासे ठेवायला जागा उरत नाही. शिवाय गोदावरीत डिझेल इंजिन बांधलेला तराफा म्हटलं की महसूलवाल्यांना आधी वाळू दिसते. चोरटा उपसा करणाऱ्या बोटी फोडण्याच्या कारवाया नदीकाठाला नवीन नाहीत. मच्छीमार सहकारी संस्थेचं ओळखपत्र आणि इंजिनाचं बिल होडीत असू द्यावं.

बॅटरीच्या मोटरबद्दल दोन टोकं ऐकू येतात: ‘ते खेळणं आहे’ आणि ‘ते फुकट चालतं’. या मोटरी एचपीत विकल्या जात नाहीत, ओढीच्या पौंडांत विकल्या जातात. पंचावन्न पौंडांची बारा व्होल्टची मोटर पूर्ण वेगात पन्नास अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे सहाशे वॉट. एक एचपीही नाही. तरी चौदा फुटी होडी ती ताशी चार-पाच किलोमीटरनं नेते. शंभर अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, तेव्हा पूर्ण वेगात जेमतेम तासभर. अर्ध्या वेगात बराच जास्त वेळ. बंधाऱ्याच्या थांबलेल्या पाण्यात, काठाजवळच्या जाळ्यांसाठी हे पुरतं आणि आवाजही होत नाही. दूरच्या डोहावर जाणाऱ्यानं त्यावर विसंबू नये.

‘सुरू होतं का ते काठावरच बघून घेऊ.’ पाण्यानं थंड होणारं इंजिन पाण्याबाहेर सुरू करणं म्हणजे आतल्या पंपाचा रबरी पंखा जाळणं; मिनिटभरही पुरतं. चालू असताना मागून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते, तिच्यावर लक्ष ठेवायचं. धार मंदावली की इंजिन बंद करून आत पाणी घेणाऱ्या जाळीत जलपर्णीची मुळं किंवा गाळ अडकलाय का ते बघायचं. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात हा रबरी पंखा लवकर झिजतो.

आणि शेवटचा, जिवावर बेतणारा: ‘इंजिन आहे, पुरातही निघू.’ होडीची मर्यादा ताशी नऊ किलोमीटर हे वर आलंच आहे. बंधाऱ्याचे दरवाजे उघडल्यावर मुख्य धारेला एवढा वेग सहज असतो. इंजिन पूर्ण जोरात, होडी जागच्या जागी, आणि पंख्यात वाहून आलेलं नायलॉनचं जाळं अडकलं की तेही संपलं. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला आणि लाइफ जॅकेट अंगात, हे शांत पाण्यातही. माणसं पैलतीरी नेण्याचा धंदा करायचा असेल तर ती वेगळी गोष्ट. इंजिनाच्या प्रवासी होडीला २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आणि तपासणी लागते.

पैशाचं म्हणाल तर २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के साहाय्याची तरतूद झाली. योजना चालू आहे का आणि त्यात इंजिन बसतं का, हे परभणीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा. आधी खरेदी आणि मग अर्ज असा उलटा क्रम सरकारी अनुदानात सहसा चालत नाही. दुकानदाराला मात्र एकच विचारा: रबरी पंखा, स्पार्क प्लग आणि पंख्याची शिअर पिन तुमच्याकडे आत्ता शिल्लक आहे का? दगडाला पंखा लागला की गिअर वाचवण्यासाठी ही पिन स्वतः तुटते, आणि खिशात दुसरी नसेल तर चार एचपीचं इंजिन काय अन् चाळीसचं काय, वल्हंच मारत यावं लागतं.