ओळखीच्या नावाने आलेली पत्रे

यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जेथे कापसाचा भाव आणि पावसाचा अंदाज यांखेरीज तिसऱ्या वार्तेस फारशी किंमत देण्याचा परिपाठ नाही, तेथे संगणकातील व्हायरसचा इतिहास लिहावयास बसणे कोणास विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु गेल्या पाव शतकात वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड येथील घरांत प्रथम संगणक आणि मागाहून मोबाईल शिरला, आणि त्यांच्यासमवेत जी एक अदृश्य उपाधी शिरली तिचा माग काढू लागले असता असे आढळते की, यंत्रे पालटली, कायदे पालटले, पण त्या उपाधीची घरात शिरण्याची वाट मात्र तीच राहिली. ती वाट म्हणजे आपल्या ओळखीच्या माणसाचे नाव.

26 मार्च 1999 रोजी अमेरिकेत सुटलेल्या ‘मेलिसा’ने ही वाट सर्व जगास दाखवून दिली. वर्डमध्ये तयार केलेला एक साधा दस्तऐवज ईमेलसोबत येई. तो उघडताच त्यातील छुपी आज्ञावली आउटलुकच्या पत्तेवहीतील पहिली पन्नास नावे उचली आणि त्या प्रत्येकास, यंत्राच्या मालकाच्या नावाने, महत्त्वाचा निरोप म्हणून तोच दस्तऐवज रवाना करी. हे उपद्व्याप करणारा डेव्हिड स्मिथ नावाचा इसम पकडला गेला व 2002 साली त्यास वीस महिन्यांचा कारावासही झाला. पण आपल्या पत्तेवहीत ज्यांची नावे आहेत त्यांच्या घराची किल्लीही एका अर्थी आपल्याच खिशात असते, ही गोष्ट तोवर जगजाहीर होऊन चुकली होती.

पुढच्याच वर्षी, 4 मे 2000 रोजी, फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ या मथळ्याचे पत्र निघाले आणि त्याने ब्रिटनच्या पार्लमेंटपासून अमेरिकेच्या संरक्षण खात्यापर्यंत सर्वांस आपापली टपालयंत्रणा काही काळ बंद ठेवणे भाग पाडले. सोबतच्या फायलीचे नाव ‘टीएक्सटी’ या निरुपद्रवी अक्षरांनी संपल्यासारखे दिसे. वास्तविक त्यापुढे ‘व्हीबीएस’ ही आणखी तीन अक्षरे असत, व ती फाइल पत्र नसून चालू होणारा प्रोग्राम आहे, हे सांगणारी तीच अक्षरे विंडोज मात्र, वापरणाऱ्याच्या सोयीचा विचार करून, लपवून ठेवी. बाहेरून निकोप दिसणाऱ्या बोंडात गुलाबी अळी असावी, तसाच हा प्रकार. फाइल उघडणाऱ्याच्या यंत्रावरील छायाचित्रे पुसून तेथे व्हायरस आपलीच प्रत लिही, आणि मेलिसाप्रमाणे पन्नासांवर समाधान न मानता पत्तेवहीतील यच्चयावत मंडळींस प्रेमपत्र धाडी. करणारा तरुण सापडला, परंतु त्या देशात या कृत्यास लागू पडेल असा कायदाच नसल्यामुळे त्याजवरील फिर्याद काढून घ्यावी लागली. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली ती त्याच वर्षीच्या 9 जून रोजी, आणि त्याचा अंमल सुरू झाला 17 ऑक्टोबरपासून. त्यातील कलम 43 अन्वये दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून व्हायरस घालणारा इसम नुकसानभरपाई देण्यास बांधील ठरला.

त्या काळी यवतमाळच्या दत्त चौकाकडील सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसणाऱ्या विद्यार्थ्यांस या आपत्तीची झळ तितकीशी लागत नसे, कारण त्यांचे टपाल आणि पत्ते रेडिफ, याहू किंवा हॉटमेल यांच्या दूरच्या यंत्रांवर असत. झळ लागे ती घरी संगणक बाळगणाऱ्या सुस्थित मंडळींस. टेलिफोनचे बिल वाढू नये म्हणून ती मंडळी आउटलुक एक्सप्रेस वापरीत: लाइन जोडावयाची, सारी पत्रे एकदम उतरवून घ्यावयाची, लाइन तोडावयाची आणि मग निवांत वाचन. ही तजवीज काटकसरीच्या दृष्टीने निर्दोष होती. मात्र तिच्यायोगे पत्तेवही घरातल्या डिस्कवर येऊन पडली, आणि व्हायरसास नेमके तेच हवे होते. 2001 च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एक मोठी उणीव दुरुस्त करणारा पॅच दिला खरा, परंतु डायल-अपच्या त्या मंदगतीने तो उतरवून घेण्याची उमेद किती घरांत असणार? त्याच उणिवेतून ‘निमडा’ आणि ‘क्लेझ’ शिरले. पत्र उघडण्याचीही जरूर न राहता ते नुसते खालच्या चौकटीत दिसले तरी पुरे होई.

हानीच्या दृष्टीने नव्हे, पण इभ्रतीच्या दृष्टीने या साऱ्यांत मला सर्वांत दुष्ट वाटतात ते जुलै 2001 मधील ‘सरकॅम’ आणि हा क्लेझ. सरकॅम तुमच्या दस्तऐवजांतील एखादा स्वतः निवडी व ‘आपला सल्ला हवा आहे’ अशा मजकुरानिशी सर्वत्र पाठवी. मग तो मुलीच्या स्थळाचा बायोडेटा असो की भावकीतल्या वाटणीचा कच्चा मसुदा. क्लेझची तऱ्हा निराळी. तो रोगी यंत्राच्या मालकाचे नाव न घालता पत्तेवहीतून भलतेच नाव उचलून ते प्रेषक म्हणून घाली. परिणामी ज्याच्या संगणकास काहीही झालेले नाही अशा सज्जनास नातेवाइकांकडून बोलणी खावी लागत, आणि खरा रोगी सहानुभूती दाखवीत बसे.

अशा परिस्थितीत उपायांचे पेव फुटावे यात नवल नाही. त्यांतील एक पुष्कळ लोकप्रिय होता: पत्तेवहीत सर्वांत वर ‘एएए’ अशा नावाची एक खोटी नोंद करून ठेवावी, म्हणजे व्हायरस पहिल्याच पत्त्यापाशी अडखळेल आणि पुढे जाणार नाही. जो व्हायरस पत्ते वहीतूनच नव्हे तर साठवलेल्या वेबपानांतूनही वेचतो, आणि पत्र पोचले की परत आले याची फिकीर करीत नाही, तो एका खोट्या नावाने कसा थांबावा? 2001 मधील दुसरी अफवा तर याहून वरचढ निघाली. संगणकात ‘सल्फएनबीके’ नावाची फाइल आढळल्यास तो व्हायरस समजून तत्काळ पुसावी व आपल्या सर्व परिचितांस सावध करावे, असे तीत बजावले होते. ती फाइल विंडोज 98 चीच, निरपराध. येथील एका सेवानिवृत्त शिक्षकांनी ‘फाइंड’मध्ये हे नाव टाइप केले तेव्हा फाइल सापडली, आणि ती न सापडती तरच आश्चर्य, पाठोपाठ त्यांनी ती पुसली, रिसायकल बिनही रिकामे केले आणि कर्तव्यबुद्धीने पत्तेवहीतील एकूण एक मंडळींस इशारा धाडला. आज्ञावलीची एक ओळही न लिहिता व्हायरस माणसाच्याच हातून चालविण्याची ही युक्ती पाहून मला आजही कौतुकमिश्रित भय वाटते.

खरा उपाय मात्र महाराष्ट्रातच घडत होता. साताऱ्याकडील रहिमतपूरहून आलेले आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ सिद्ध केले, आणि तालुक्याच्या गावातील संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर त्याची सीडी दिसू लागली. पण अद्ययावत न केलेला अँटीव्हायरस म्हणजे निवृत्त पहारेकरी, हे समजावयास वेळ लागला. त्यातच विदर्भातील भारनियमनाने संपूर्ण डिस्कची तपासणी निम्म्यावर तुटे आणि वीज आल्यावर ती पुन्हा मुळापासून सुरू करण्याचा धीर क्वचितच कोणाजवळ उरे.

पेन ड्राइव्हच्या जमान्याविषयी विस्तार नको. एमएस-सीआयटीच्या वर्गातून झेरॉक्सच्या दुकानात व तेथून घरात ‘न्यू फोल्डर’ या नावाने फिरलेली ती ब्याद आपोआप चालू होण्याची मुभा मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये काढून घेतल्यावर ओसरली. इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील छुप्या आज्ञावली आपसूक अडविण्यास तर 2022 उजाडले. मेलिसानंतर तेवीस वर्षांनी सुचलेल्या या शहाणपणास दिरंगाई म्हणावे की बेपर्वाई, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

तोवर पत्तेवही संगणकातून उठून खिशातल्या मोबाईलमध्ये आली होती. आजचे प्रेमपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या रूपाने येते, कधी ‘पीएम किसान’च्या यादीच्या रूपाने येते, आणि त्याच्या नावाच्या शेवटी, ती फाइल पत्र नसून प्रोग्राम आहे हे सांगणारी, ‘एपीके’ ही तीन अक्षरे असतात. आपल्या जिल्ह्यास लागून असलेल्या हिंगोलीत ऑगस्ट 2025 मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याने 30 ऑगस्टच्या लग्नाचे असे निमंत्रण उघडले आणि त्याच्या खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. त्या निमंत्रणातही प्रेमाची महती गाणारे एक वाक्य होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. अशी फाइल इन्स्टॉल होताच एसएमएस वाचण्याची परवानगी घेते, बँकेचा ओटीपी परस्पर पाठवते आणि पुष्कळदा तुमच्याच नावाने तुमच्या संपर्कांतील सर्वांस पत्रिका वाटू लागते.

तेव्हा लग्नसराईत पत्रिका आली तर ती छायाचित्र किंवा पीडीएफ आहे की एपीके, हे शेवटच्या अक्षरांवरून पाहावे, आणि संशय येताच पाठविणाऱ्यास फोन करून खातरजमा करावी. संदेशाने विचारू नये, कारण उत्तर देणारा तो स्वतःच असेल याची शाश्वती नाही. चूक होऊन गेलीच, तर इंटरनेट बंद करून दुसऱ्याच्या फोनवरून प्रथम बँकेस व 1930 या क्रमांकावर कळवावे, आणि त्यानंतर संकोच सोडून मामा, मावशी, व्याही, शेजारी अशा सर्वांस आवाजी फोन लावून ‘माझ्या नावाने आलेले काही उघडू नका’ असे सांगावे. पैशाची तक्रार आपले लोक हल्ली नोंदवितात. हे फोन मात्र अद्याप फारसे कोणी करीत नाही.