छातीवरचा बॅज काय मोजतो?

भोसरी एमआयडीसीत ओतलेले एखादे कास्टिंग वरून कितीही चांगले दिसले, तरी त्याच्या पोटात पोकळी किंवा बारीक भेग राहिलेली असू शकते. तोडून पाहावे तर माल वाया जातो. म्हणून त्याची रेडिओग्राफी करतात. एका बाजूला एक्स-रे यंत्र किंवा इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी स्रोत, दुसऱ्या बाजूला फिल्म. हे काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. रुग्णालयात कॅथलॅबमध्ये किंवा कर्करोगाच्या रेडिएशन विभागात काम करणाऱ्यांकडेही तो दिसतो. हा टीएलडी बॅज.

किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही आणि मात्रा धोकादायक असली तरी त्या क्षणी काही जाणवेलच असे नाही. मग तो अंगावर किती पडला हे कळणार कसे? बॅजमध्ये एका धातूच्या पट्टीवर तीन छोट्या चकत्या बसवलेल्या असतात. त्यांत कॅल्शियम सल्फेटची पूड टेफ्लॉनमध्ये मिसळलेली असते. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्याच कुळातला पदार्थ. फरक इतकाच, की त्यात डिस्प्रोझियम या धातूचा अगदी अल्प अंश मुद्दाम घातलेला असतो.

या भेसळीतच सगळी गंमत आहे. किरण पडले की स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांच्या जागी, खड्ड्यात पडल्यासारखे, अडकून बसतात. महिनोन्‌महिने ते तिथेच राहतात. पुढे प्रयोगशाळेत चकत्यांवर सुमारे २८५ अंश सेल्सिअस तापमानाचा नायट्रोजन वायू सोडतात. उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना मंद प्रकाश बाहेर पडतो. जितका प्रकाश जास्त, तितका अंगावर पडलेला किरणोत्सार जास्त. तीन चकत्यांपुढे वेगवेगळी आवरणे असल्याने किरण कोणत्या प्रकारचे होते याचाही अंदाज येतो. चकत्या पुन्हा वापरता येतात.

तापवल्यावर प्रकाश देण्याचा हा गुण मोजमापासाठी वापरावा, ही कल्पना अमेरिकेतील फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी १९५० च्या दशकात मांडली. भारतात या कामाने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मूळ धरले. नंबी, बापट आणि गांगुली या तेथील शास्त्रज्ञांनी कॅल्शियम सल्फेटमध्ये वेगवेगळी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मिसळून अभ्यास केला. त्यांचा शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर संदर्भासाठी वापरला गेला. त्याच दशकात देशात जुन्या फिल्म बॅजच्या जागी टीएलडी बॅज येऊ लागले. नागपूर विद्यापीठात डॉ. एस. व्ही. मोहरील यांनीही अशाच पदार्थांवर काम केले. पूड तयार करायची, तिच्यावर किरण सोडायचे, तापवायची, प्रकाश मोजायचा, भेसळीचे प्रमाण बदलून पुन्हा तेच करायचे. शोधक बनवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाचे काम बरेचसे असेच चिकाटीचे असते.

या मोजमापाला अर्थ येतो तो मर्यादेमुळे. आपल्याकडे किरणोत्साराशी संबंधित काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. त्यात निसर्गातून आणि वैद्यकीय तपासण्यांतून मिळणारी मात्रा धरलेली नाही. तुलनेसाठी, छातीच्या एका एक्स-रेमधून ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा मिळते.

मात्र बॅज म्हणजे कवच नव्हे. तो किरण अडवत नाही आणि धोका असला तरी वाजत नाही. सहसा तीन महिन्यांनी तो तपासला जातो. म्हणजे तो झाले ते सांगतो, होणारे टाळत नाही. टाळण्याचे काम गायगर-म्युलर नळी असलेल्या सर्व्हे मीटरचे. रेडिओग्राफी झाल्यावर स्रोत पेटीत नीट परत गेला का, हे प्रत्येक वेळी मीटरनेच पाहावे लागते. बॅज छातीवर, शिशाचा एप्रन असेल तर त्याच्या आत लावावा. दुसऱ्याला देऊ नये, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, रेडिओग्राफीच्या खोलीत विसरू नये. बॅज खोलीत राहिला, तर माणसाला न मिळालेली मात्रा त्याच्या नावावर चढते. उलट तो कपाटात राहिला, तर मिळालेली मात्रा कुठेच नोंदली जात नाही. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी आपल्या नावाचा बॅज आणि मात्रेचा अहवाल आवर्जून मागावा.

ज्यांच्याकडे बॅज असण्याची शक्यताच नाही, त्यांनी दिल्लीतील मायापुरीची आठवण ठेवावी. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातून लिलावात गेलेले जुने उपकरण तिथल्या भंगार बाजारात फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. एकाचा मृत्यू झाला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. आपल्या पट्ट्यातही भंगाराचा मोठा व्यवसाय आहे. आकाराच्या मानाने फार जड शिशाचा डबा किंवा पिवळ्या पाटीवर तीन पात्यांची खूण दिसली, तर ती वस्तू फोडू नये, हलवू नये. सर्वांनी लांब जावे आणि ११२ वर कळवावे. ती खूण ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही.