त्सुबाचा गंज घासू नका

तळहातावर मावेल एवढी एक चकती. रुंदी ७-८ सेंटिमीटर, जाडी ४-५ मिलिमीटर, मधोमध पाचरीच्या आकाराचं भोक. जपानी तलवारीचं पातं आणि मूठ जिथे मिळतात, तिथे ही चकती बसते. जपानीत तिला त्सुबा म्हणतात. आपल्या मराठा तलवारीची परज मुठीला जोडलेलीच असते, ती वेगळी काढता येत नाही. त्सुबा मात्र सुटा असतो. मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली की मूठ निघते आणि पाठोपाठ त्सुबा हातात येतो. या सुटेपणामुळे त्याला तलवारीपासून वेगळं असं स्वतःचं आयुष्य मिळालं. बोस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन या संग्रहालयांत त्सुबांचे मोठे साठे आहेत. आता ऑनलाइन लिलावांमुळे पुण्या-मुंबईत बसूनही एखादा त्सुबा विकत घेता येतो. त्याच्यासोबत अनेक गैरसमजही घरात येतात. त्यांतले बरेचसे निरुपद्रवी आहेत, पण एक असा आहे की तो ३०० वर्षं टिकलेली वस्तू अर्ध्या तासात नासवतो.

आधी साधे गैरसमज बघू. त्सुबा म्हणजे शत्रूचा वार झेलणारी ढाल, असं बहुतेकांना वाटतं. वार घसरत मुठीपर्यंत आला तर तो तिथे अडतो, हे खरंच आहे. पण त्याचं रोजचं काम वेगळं होतं. भोसकताना आपलाच हात पुढे घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून तो आडवा असे. शिवाय त्याच्या वजनामुळे तलवारीचा तोल मुठीकडे येई. त्सुबाला त्सुबा भिडवून दोघं एकमेकांना रेटतात त्याला जपानीत ‘त्सुबा-झेरिआइ’ म्हणतात, आणि आज तिथे निवडणुकीतल्या अटीतटीच्या लढतीलाही हाच शब्द वापरतात.

दुसरा समज असा की प्रत्येक त्सुबाने रणांगण पाहिलेलं आहे. विक्रेत्यांना ही कथा फार सोयीची असते. पण आज हाती येणारे बहुतेक त्सुबा एडो काळातले, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यानचे आहेत. ओसाकाचा वेढा १६१५ मध्ये संपला, शिमाबाराचं बंड १६३८ मध्ये मोडलं आणि त्यानंतर २०० वर्षांहून अधिक काळ जपानात मोठं युद्ध झालं नाही. तलवार कमरेला राहिली, पण ती दर्जाची आणि पोशाखाची खूण म्हणून. व्यापाऱ्यांनाही आखूड तलवार बाळगता येत असे, आणि हौसेने खर्च करायला त्यांच्याकडे पैसा होता. पुढे २८ मार्च १८७६ रोजी मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी घातली आणि त्सुबा घडवणाऱ्या कारागिरांचा धंदा एका फटक्यात बसला. त्यांतले अनेकजण परदेशी ग्राहकांसाठी फुलदाण्या, डब्या आणि शोभेचे त्सुबाही घडवू लागले. कानो नात्सुओ हा त्या पिढीतला थोर कोरीवकार. त्याने नव्या सरकारच्या नाण्यांचे साचे कोरले. रणांगण न पाहिलेला त्सुबा त्यामुळे कमी मोलाचा ठरत नाही. उलट शांततेच्या काळात कारागिराला वेळ मिळाला म्हणूनच गवताच्या पात्यावरचा टोळ आणि पावसातली वाट लोखंडावर आली.

आता मुख्य मुद्दा, गंजाचा. तांब्या-पितळेचं भांडं काळवंडलं की चिंच किंवा लिंबू लावून ते लखलखीत करायचं, हा आपल्या घरांतला संस्कार आहे. देवघरातल्या उपकरणींसाठी तो योग्यही आहे. पण त्सुबाच्या बाबतीत तो घातक ठरतो, कारण इथे रंग हा मळ नसून कारागिरीचा शेवटचा टप्पा आहे.

‘शाकुदो’ हा मिश्रधातू घ्या. तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं मिसळलेलं असतं. भट्टीतून निघतो तेव्हा तो तांब्यासारखाच दिसतो. मग कारागीर तो घासून स्वच्छ करतो, किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवतो आणि जंगाल व मोरचूद घातलेल्या पाण्यात उकळतो. हळूहळू त्यावर निळसर काळी झाक चढते, कावळ्याच्या ओल्या पंखासारखी. ‘शिबुइची’ या शब्दाचा अर्थच ‘चौथा हिस्सा’. त्यात तांब्याबरोबर चांदी असते आणि त्याच पाण्यात त्याला राखाडी रंग येतो. हा रंग म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरचा अत्यंत पातळ थर. लिंबाची एक फोड फिरवली की तो गेला. खाली उरतो निव्वळ तांब्याचा तुकडा, आणि पुन्हा तो रंग आणायचा तर तीच विद्या येणारा माणूस लागतो. बिदरी काम पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. बिदरीच्या सुरईचा काळा रंग कुणी पॉलिश लावून ‘उजळला’ तर काय राहील?

लोखंडी त्सुबाची गोष्ट अधिक नाजूक आहे. त्याच्यावर जुन्या कारागिरांनी मुद्दाम गंज आणला, तो योग्य वेळी थांबवला आणि त्याला काळा, जांभळट किंवा तपकिरी स्थिर रंग दिला. पुढे पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी आणि कपड्यांच्या घर्षणाने त्याला तुकतुकी आली. ही घट्ट काळी त्वचा राखायची असते. तिच्यावर कुठे भुसभुशीत, नारिंगी-लाल, बोटाला लागणारा गंज दिसला तर तेवढाच काढायचा. लोखंडापेक्षा मऊ पण गंजापेक्षा कठीण असं काहीतरी त्यासाठी लागतं. जपानात हरणाचं शिंग वापरतात. आपल्याकडे सांबरशिंगाच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे, तेव्हा हाडाचा गुळगुळीत तुकडा किंवा बांबूची अणकुची बरी. त्या जागेवर ती हलक्या हाताने फिरवायची, मग सुती कापडाने पुसायचं, आणि हे रोज थोडं थोडं, महिनोन्‌महिने करायचं. तारेची घासणी, पॉलिश कागद, गंज काढायचं द्रावण यांतलं काहीही जवळ आणायचं नाही. कडेवर हाताला लागणारे उंचवटेही घासून सपाट करू नयेत. कमी-अधिक कठीण थरांचं लोखंड घडवताना ते वर आलेले असतात. जपानी जाणकार त्यांना ‘तेक्कोत्सु’, म्हणजे लोखंडाची हाडं म्हणतात आणि त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजतात.

दोष वाटणाऱ्या आणखी काही गोष्टी अशाच आहेत. मधल्या भोकाच्या टोकाला तांब्याचे तुकडे ठोकलेले दिसले की घेणारा बिचकतो, दुरुस्ती केली असावी असं त्याला वाटतं. ते ‘सेकिगाने’. एक त्सुबा एका तलवारीवरून दुसऱ्या तलवारीवर जाई. नव्या पात्याला भोक सैल पडलं तर मऊ तांबं भरून ते घट्ट बसवत. म्हणजे ते तुकडे ही त्याच्या प्रवासाची नोंद आहे. मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंची छोटी भोकंही नक्षीसाठी नसतात. अर्धगोलातून म्यानाच्या खाचेतला छोटा चाकू, कोझुका, बाहेर येई आणि तीन पाकळ्यांच्या भोकातून कोगाइ ही केसांची सळई. पुढच्या एखाद्या मालकाला त्यांची गरज नसे, मग तो ती भोकं शिशाने किंवा शाकुदोने बुजवून टाकी.

तलवार आणि त्सुबा एकाच लोहाराचे, हाही समज सर्रास दिसतो. पातं घडवणारा वेगळा आणि त्सुबा घडवणारा वेगळा. साध्या, जुन्या, पातळ लोखंडी चकत्यांना ‘तलवारलोहाराचे’ आणि ‘चिलखतकाराचे’ अशी दोन नावं पुस्तकांतून चालत आली आहेत, पण ती नंतरच्या अभ्यासकांनी दिलेली वर्गवारी आहे. ती घडवणाऱ्याची ओळख समजू नये.

सोनं जास्त म्हणजे किंमत जास्त, असं भारतीय मनाला सहज वाटतं. सोन्याच्या कामाची परंपरा नक्कीच मोठी होती. आशिकागा शोगुनांच्या पदरी असलेल्या गोतो युजोपासून (१४४०–१५१२) गोतो घराण्याच्या १७ पिढ्यांनी तलवारीचे दागिने घडवले. पण त्सुबांमध्ये ज्यांची नावं जपानी जाणकार आदराने घेतात त्यांतले नोबुइए आणि कानेइए हे दोघे लोखंडात काम करणारे. हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोत, होसोकावा सानसाइ या सरदाराच्या छायेत एक वेगळीच अभिरुची वाढली. तो चहाविधीचा थोर आचार्य सेन नो रिक्यू याचा शिष्य होता. त्या प्रदेशातल्या हायाशी माताशिचीचे (१६१३–१६९९) लोखंडी जाळीकाम पाहताना मला नेहमी वाटतं की या माणसाला काय घडवायचं याइतकंच काय काढून टाकायचं तेही कळलं होतं. चकतीतून लोखंड कापून काढून उरलेल्या रेषेत तो चेरीचं फूल किंवा करकोचा उभा करतो. त्याचे त्सुबा बहुधा सहीविना असतात.

सहीच्या बाबतीत नवा संग्राहक सर्वांत जास्त फसतो. सही आहे म्हणजे अस्सल, नाही म्हणजे दुय्यम, असा त्याचा हिशेब असतो. जपानीत खोट्या सहीसाठी ‘गिमेइ’ असा स्वतंत्र शब्द आहे, यावरून ती किती प्रचलित होती हे समजावं. हिकोने गावच्या सोतेनची सही असलेले त्सुबा बाजारात इतके आहेत की ते सगळे एका माणसाने घडवणं अशक्य आहे. ती लोकप्रिय शैली होती आणि सही त्या शैलीबरोबर नकलली गेली. नोबुइए या एकाच नावाच्या सह्या किमान दोन वेगळ्या हातांच्या मानल्या जातात, एक जाड अक्षरांची आणि एक सुट्या अक्षरांची. म्हणून आधी लोखंड, मग आकार, मग कडा, मग भोकांची घडण बघावी आणि सही शेवटी. टोक्योतली निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाइ ही १९४८ मध्ये स्थापन झालेली संस्था तपासणी करून प्रमाणपत्रं देते. त्यात होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो अशा चढत्या पायऱ्या आहेत. तिचा कागद मोलाचा आहे, पण तो तज्ज्ञांचा अभिप्राय आहे आणि अभिप्राय बदलू शकतो. ओतीव नकला ओळखायला तर कागदाचीही गरज नसते. जाळीच्या आतल्या भिंतींवर भिंग धरा. कानशीच्या खुणा कुठेच नाहीत, कडा साबणासारख्या गोल आहेत, बारीक छिद्रं किंवा साच्याच्या जोडाची रेघ दिसते आहे, अशी वस्तू परत ठेवून द्यावी.

‘नानबान’ त्सुबाबद्दलचा गैरसमज गोव्याच्या वाचकाला जवळचा वाटेल. नानबान म्हणजे ‘दक्षिणेचे रानटी’. १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर पोचले तेव्हापासून हा शब्द त्यांना चिकटला, जसा आपल्याकडे फिरंगी हा शब्द माणसालाही लागला आणि त्याच्याबरोबर आलेल्या पात्याच्या तलवारीलाही. त्यांची जहाजं गोवा, मलाक्का, मकाव करत जपानला जात. जुन्या गोव्यात ज्याचं शव आहे तो फ्रान्सिस झेवियरही गोव्यातूनच निघून १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला. म्हणून वेलींच्या गुंत्यात ड्रॅगन असलेला नानबान त्सुबा पोर्तुगिजांनी घडवला, असं सांगितलं जातं. वस्तुतः हे शैलीचं नाव आहे. त्यातले वेल आणि ड्रॅगन चिनी वळणाचे आहेत आणि १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदी झाल्यावरही असे त्सुबा दीर्घकाळ बनत राहिले. जाळीत क्रूस दिसला की ‘छुप्या ख्रिस्ती सामुराईचा’ असं लेबल लावून किंमत वाढवतात, तेही तपासून घ्यावं. सात्सुमाच्या शिमाझू घराण्याचं फुलीचं चिन्ह ख्रिस्ती धर्म जपानात येण्याच्या कितीतरी आधीचं आहे.

घरी आणलेला त्सुबा उघड्या खिळ्यावर टांगू नये. पावसाळ्यात मुंबई-कोकणची हवा त्याला आठवड्यात लाल करते. लाकडी पेटीत, सुती कापडात, सिलिका जेलच्या पुडीसोबत तो ठेवावा, आणि घामट बोटं लागली तर पुसून मगच आत ठेवावा. मांडताना बहुतेकजण त्याची पाठ लोकांना दाखवतात, कारण पात्याकडची बाजू दर्शनी असं त्यांना वाटतं. दर्शनी बाजू मुठीकडची असते, कारण कमरेला तलवार असलेला माणूस समोरून आला की तीच दिसे. सही असली तर बहुधा याच बाजूला, मधल्या भोकाच्या डावीकडे असते. भोकाचं निमुळतं टोक वर ठेवा, कारण तलवार धार वर करूनच कमरेला खोचलेली असे.