मोहरी मिळाली नाही?

आमच्या विहारात दर रविवारी अभ्यासिका भरते. परवा आम्ही आठवी-नववीच्या मुलामुलींना किसा गोतमीची कथा वाचून दाखविली आणि तिचा सारांश लिहावयास सांगितले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७) मधून ही कथा आपल्या घराघरांत पोहोचलेली आहे.

एका मुलीने लिहिले, 'गोतमीचे मूल मेले. मग बुद्धांनी मोहरी आणावयास सांगितली. मग ती घरोघरी गेली. मग मोहरी मिळाली नाही.' अक्षर मोत्यासारखे, पण कथा हरवली! मोहरी तर श्रावस्तीत घरोघर होती, लोक द्यायलाही तयार होते. अट अशी होती की, ज्या घरात कुणीच मेलेले नाही तेथलीच मोहरी आणायची. नेमकी तीच अट गळाली. एका मुलाने तर शेवटी मूल जिवंतच करून टाकले! मालिकांतले चमत्कार पाहून दुसरे काय होणार?

आम्ही सर्वांना वह्या मिटायला लावल्या. गोतमीला काय हवे होते? ते का मिळेना? शेवटी तिला काय उमगले? तोंडी उत्तरे येऊ लागली. मग फळ्यावर एकेक वाक्य लिहून खोडून पाहिले. ती किती घरे फिरली हे खोडले, तरी शेवट जागेवर राहिला. अट खोडली आणि शेवटाला अर्थच उरला नाही. जे खोडल्याने शेवट कोसळतो ते ठेवायचे, एवढे मुलांना चटकन कळले. (कचेरीत जाड फाईलीवर टिपणी लिहिताना आम्हीही हेच करतो.) दुसरे म्हणजे 'मग' या शब्दाला बंदी घातली. त्याऐवजी 'म्हणून' किंवा 'पण' लिहायचे. 'मोहरी होती, पण प्रत्येक घरात कुणी ना कुणी गेलेले होते, म्हणून ती रिकाम्या हाती परतली.' आता कथा चालू लागली.

पालकांनी हे घरीही करावे. त्यासाठी स्वतः शिकलेले असण्याची गरज नाही. भाकरी थापता थापता 'सांग बरं गोष्ट' एवढे म्हणावे आणि जेथे कळणार नाही तेथे अडवावे.

त्याच मुलीने सुधारलेला सारांश घरी आईला वाचून दाखविला. आईने ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, पण त्या लेकराचं पुढं काय केलं तिनं?"

पुढच्या रविवारी वहीत एक वाक्य वाढले होते. गोतमीने मुलाला स्मशानात नेले.