मुक्या जनावरांचे शुश्रूषक

माणसांच्या रुग्णालयात डॉक्टरचे काम कोणते आणि परिचारिकेचे कोणते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. गुरांच्या दवाखान्याबाबत मात्र असा भेद सहसा केला जात नाही. तेथे जो कोणी भेटेल त्यास ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारण्याचा खेडोपाडी प्रघात आहे. त्यामागे आदरच असतो. परंतु कोणाकडून कोणत्या कामाची अपेक्षा धरावयाची याचा त्यामुळे घोटाळा होतो आणि तो निस्तरेपर्यंत कित्येकदा जनावर हातचे जाते.

पशुवैद्यकाच्या हाताखाली शुश्रूषा करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची रीतसर योजना ब्रिटनमध्ये १९६१ साली सुरू झाली. आपल्याकडे त्या नावाचा वर्ग रूढ झाला नाही, तरी काम आहेच. महाराष्ट्रातील ग्रामीण दवाखान्यांतून ते मुख्यतः पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक आणि परिचर यांच्यात वाटले गेले आहे. पदनामे वेळोवेळी बदलत आली आहेत. जुन्या पिढीस पर्यवेक्षक आठवतो तो ‘स्टॉकमन’ याच नावाने. २०१९ च्या पशुगणनेत राज्यातील पशुधन सुमारे ३ कोटी ३० लाख इतके नोंदले गेले. एवढ्या जनावरांपर्यंत पशुवैद्यकाने एकट्याने पोहोचणे अशक्यच होय.

खोड्यापाशी

दवाखान्याचा दिवस परिचरापासून सुरू होतो. आवार झाडणे, खोड्याची जागा जंतुनाशकाने धुणे, पाणी भरणे, हत्यारे उकळून ठेवणे ही कामे रुग्ण येण्यापूर्वी उरकावी लागतात. त्याचे खरे कौशल्य दिसते ते जनावर आवरताना. बिथरलेल्या बैलाला खोड्यात घेणे, किंवा शस्त्रक्रियेसाठी दोराचे वेढे देऊन त्याला इजा न होता खाली बसविणे, ही केवळ अंगबळाची बाब नव्हे. दोर कोठे आवळावा आणि डोके कसे धरावे हे ज्याला कळते, त्याच्या हाताखाली जनावर फारसे धडपडत नाही.

व्रणोपचारक या नावातच त्याचे मुख्य काम आले. जखमेभोवतीचे केस कातरणे, ती धुणे, अळ्या पडल्या असल्यास टर्पेंटाइनचा बोळा ठेवून त्या बाहेर काढणे आणि माशी बसणार नाही असे मलम लावणे, हा क्रम जखम भरेपर्यंत चालतो. नांगरणीच्या दिवसांत खांदेसूज झालेले बैल येतात. त्यांना औषधापेक्षा विश्रांती अधिक हवी असते आणि ती देण्यास धनी नेमका त्याच दिवसांत नाखूश असतो. अशा वेळी धन्याची समजूत घालणे हाही उपचाराचाच भाग ठरतो. औषध पाजण्याचे काम वरवर सोपे वाटते. परंतु जनावराची मान फार उंच करून अथवा जीभ ओढून धरून घाईने औषध ओतले, तर ते फुप्फुसात उतरते आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या जनावरास न्यूमोनिया होतो. उठू न शकणाऱ्या गाईची कूस दर काही तासांनी बदलणे आणि तिच्या अंगाखाली कोरड्या गवताचा जाड थर ठेवणे, हे तर बहुतेक घरच्या माणसांनाच करावे लागते. ते त्यांना करून दाखविणारा कोणी तरी हवा.

या शुश्रूषेचे मोल २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीत गावोगावी दिसून आले. या विषाणूवर रामबाण औषध नाही. शेळ्यांच्या देवीची लस टोचून रोगाचा प्रसार रोखण्याचा प्रयत्न झाला. परंतु आधीच आजारी पडलेल्या जनावराच्या फुटलेल्या गाठी रोज धुणे, माश्या दूर ठेवणे, मऊ चारा हाताने भरविणे आणि ताप मोजत राहणे याला पर्याय नव्हता.

कायद्याची रेषा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकासच आहे. मात्र पदविका वा प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षक अथवा स्टॉकमन यांना राज्य शासन आदेशाद्वारे किरकोळ सेवा देण्याची मुभा देऊ शकते, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी आणि शासन अधिसूचित करील असे अन्य प्राथमिक उपचार या सेवांत मोडतात. रोगनिदान आणि शस्त्रक्रिया त्यात येत नाहीत. अडलेली गाय सोडविण्याचा किंवा महागड्या प्रतिजैविकाची सुई देण्याचा आग्रह व्रणोपचारकास करणे म्हणजे त्याला अडचणीत टाकणे होय. पशुवैद्यक शेजारच्या गावी गेले असता असा आग्रह हटकून होतो, आणि ओळखीपाळखीच्या गावात नकार देणे कठीण असते. चांगला साहाय्यक ताप व नाडी पाहतो, जनावर रवंथ करते की नाही याची विचारपूस करतो आणि ही माहिती पशुवैद्यकास विनाविलंब कळवितो. त्याचे हे निरीक्षण निदानास फार उपयोगी पडते.

लस आणि रेतन

बुळकांडी हा गुरांचा काळ समजला जाणारा रोग. भारत २००६ मध्ये त्यापासून मुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये तो जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. गोठ्यागोठ्यांतून फिरून लस टोचणाऱ्यांचा या यशात मोठा वाटा आहे. २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती गोठली तरी वाया जाते. गुरे चरावयास सुटण्यापूर्वी गाव गाठावयाचे, कानात बारा अंकी बिल्ला मारावयाचा, नोंद करावयाची, असे हे काम आहे. लस दिल्यावर दूध एखाद-दोन दिवस कमी होते म्हणून काही पशुपालक गाय पुढे आणत नाहीत. सांसर्गिक गर्भपाताची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना देतात. तिच्यात जिवंत जंतू असतात. सुई चुकून बोटात गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर लस देणाऱ्यास तो रोग जडू शकतो. त्याच्या हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असतो, तो याकरिता.

कृत्रिम रेतनात वेळेला अतोनात महत्त्व आहे. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रात ठेवलेली रेतमात्रा ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे अर्धा मिनिट धरून लगेच वापरावी लागते. सकाळी माजावर आलेली गाय सायंकाळी आणि सायंकाळी आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, त्यामुळे मालकाची नजरच तेथे उपयोगी पडते. पात्रातील नत्राची पातळी एकदा जरी खाली गेली, तरी आतील सर्व मात्रा निकामी होतात, आणि त्या वरून पाहून ओळखू येत नाहीत. पर्यवेक्षक दररोज पट्टी बुडवून पातळी पाहतो. रेतन वहीतील तारीख, वळूचा क्रमांक आणि पुढील गर्भतपासणीची नोंद बारकाईने पाहिल्यास गावातील गाई कोठे उलटत आहेत हे ग्रामपंचायतीसही समजू शकेल. दुर्दैवाने ही वही फारच थोडे लोक उघडतात.

ग्रामपंचायतीकडून

मजबूत खोडा, पाण्याचा नळ आणि रात्रीचा दिवा एवढी सोय ग्रामपंचायतीस करता येण्याजोगी आहे. लसीकरणाच्या आदल्या सायंकाळी दवंडी देऊन गुरे दुसऱ्या दिवशी सकाळी दावणीलाच ठेवावयास सांगितल्यास कर्मचाऱ्यांची निम्मी पायपीट वाचते. आणखी एका बाबतीत शिक्षकांची मदत मोलाची ठरेल. चांगले दिसणारे जनावर एकाएकी मेले आणि त्याच्या नाका-गुदावाटे न गोठणारे काळसर रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय घ्यावा. असे शव फाडू नये, कातडे सोलू नये आणि दवाखान्यास तत्काळ निरोप द्यावा; कारण हा रोग माणसासही होतो. शवाच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा नमुना पशुवैद्यकाच्या सूचनेनुसार घेतला जातो. त्यानंतर शव न उघडता खोल खड्ड्यात चुन्यासह पुरतात आणि ते पडलेली जागा निर्जंतुक करतात.