न भरणारी जखम





दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पचनसंस्थेची आकृती असते. आमची मुले ती फार सुबक काढतात, अन्ननलिका, जठर, यकृत, सगळे जागच्या जागी. फक्त जठराच्या मागे आडवा पडलेला पानासारखा अवयव घाईघाईत दोन रेघांत उरकतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे त्याला मी 'अग्न्याशय' म्हणूनच ओळखत होतो. मराठीत त्याला 'स्वादुपिंड' म्हणतात हे बऱ्याच उशिरा समजले. एका नावात अग्नी, दुसऱ्यात स्वाद! हा अवयव अन्न पचवणारा रसही तयार करतो आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिनही. याच उपेक्षित अवयवावर ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या एका मराठी शल्यविशारदाच्या कामाची ओळख या अंकात करून देत आहे.

डॉ. शैलेश श्रीखंडे हे नाव कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत देशात आणि परदेशात आदराने घेतले जाते. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे (रुग्णालय आणि अणुऊर्जा यांचा संबंध काय, असा प्रश्न मुलांना पडेल, किरणोपचार आठवा, म्हणजे उत्तर सापडेल). तेथे डॉ. श्रीखंडे यांनी पचनसंस्था, यकृत आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोग-शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला आणि रुग्णालयाचे उपसंचालकपदही सांभाळले. पण मला आज त्यांच्या पदांविषयी सांगायचे नाही. त्यांनी तरुणपणी जो प्रश्न हाती घेतला, त्याविषयी सांगायचे आहे.

तो प्रश्न समजण्यासाठी आधी 'दाह' म्हणजे काय ते पाहू. खेळताना गुडघा फुटला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. तेथे रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंना मारतात, कचरा उचलतात. मग शेजारच्या पेशी विभागून नव्या पेशी तयार करतात आणि जखम भरते. काम झाले की सगळे आपापल्या घरी जातात. हा दाह आपला मित्र आहे.

पण कधी कधी कारणच हटत नाही. खडा तेथेच राहतो, जंतू तेथेच राहतात, तंबाखू-सुपारी रोज नव्याने येते. मग ती फौज वर्षानुवर्षे तळ ठोकून बसते. शत्रूवर सोडायची रसायने आपल्याच पेशींच्या गुणसूत्रांना इजा करू लागतात आणि दुसरीकडे नव्या पेशी बनवण्याचे काम थांबत नाही. एकच धडा हजार वेळा उतरवायला सांगा, तोही गोंगाटात, चुका होणारच. त्यांतली एखादी चूक अशी असते की पेशीला थांबायचे कळेनासे होते. गाठीमध्ये पांढऱ्या पेशी दिसतात हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. पुढे १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्व्होरॅक या अमेरिकन डॉक्टरांनी कर्करोगाच्या गाठीला 'न भरणारी जखम' म्हटले. या लेखाचे शीर्षक तेथूनच घेतले आहे.

आता स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात जाऊ. तेथे प्राध्यापक मार्कुस ब्यूखलर आणि हेल्मुट फ्रीस यांचा गट स्वादुपिंडावर काम करीत होता (पुढे हा गट जर्मनीत हायडेलबर्गला गेला). डॉ. श्रीखंडे या गटात संशोधनासाठी दाखल झाले. स्वादुपिंडाला वर्षानुवर्षे सूज असलेल्या रुग्णांच्या पोटात इतक्या भयंकर कळा येतात की माणूस जेवणाला घाबरू लागतो. हे दुखणे येते कोठून? शस्त्रक्रियेत काढलेला भाग फेकून न देता या मंडळींनी तो प्रयोगशाळेत नेला. आपल्या मज्जातंतूंतून 'सबस्टन्स पी' नावाचे रसायन स्रवते आणि ते दुखण्याचा संदेश वाहून नेते. ते किल्ली मानले तर तिचे कुलूप म्हणजे पेशीवरचा 'एनके-१' हा घटक. २००१ साली 'पेन' या नियतकालिकात डॉ. श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सुजलेल्या स्वादुपिंडात हे कुलूप तयार करण्याची आज्ञा निरोगी स्वादुपिंडापेक्षा जास्त प्रमाणात दिली जाते आणि तिच्या प्रमाणाचा रुग्णाच्या दुखण्याच्या तीव्रतेशी, वारंवारतेशी आणि कालावधीशी संबंध असतो. 'याला काही नाही, उगाच कण्हतो' असे घरोघरी ज्या रुग्णाला ऐकावे लागते, त्याच्या दुखण्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. मला या शोधाचे मोल फार वाटते.

दुसरा अभ्यास तर आपल्या देशाशीच जोडलेला आहे. युरोपात या आजाराचे मुख्य कारण दारू. पण केरळसारख्या भागात दारूला कधीही न शिवलेल्या तरुणांमध्ये, कधी मुलांमध्येही तो दिसतो. स्वादुपिंडात खडे होतात आणि पुढे मधुमेह जडतो. याला उष्ण कटिबंधातला स्वादुपिंडदाह म्हणतात. तिसरा प्रकार असा की कारण सापडतच नाही. डॉ. श्रीखंडे यांनी केरळमधील शल्यचिकित्सकांच्या साहाय्याने या तिन्ही प्रकारच्या रुग्णांचे नमुने शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि निष्कर्ष २००३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध झाले. कारणे निरनिराळी, पण आजार वाढल्यावर अवयवाची झालेली हानी आणि तेथे जमलेल्या दाहाच्या पेशी यांचे चित्र पुष्कळसे सारखेच निघाले. आग चुलीची असो की विजेच्या तारेची, जळालेले घर सारखेच दिसते. पालकहो, यात एक सामाजिक गोष्टही आहे. स्वादुपिंडाचा आजार म्हटला की नातेवाईक लगेच 'पीत असेल लपून' असा निकाल देतात. तो निकाल अनेकदा खोटा असतो.

मग या सगळ्यांना कर्करोग होतो का? नाही, आणि हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतो. १९९३ साली सहा देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट स्वादुपिंडदाह असलेल्यांपैकी सुमारे २ टक्क्यांना १० वर्षांत आणि सुमारे ४ टक्क्यांना २० वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. म्हणजे शंभरातले शहाण्णव सुटले. तरीही सामान्य माणसाच्या तुलनेत हा धोका कितीतरी पट अधिक आहे. बर्नच्या गटाने, आणि त्यात डॉ. श्रीखंडेही होते, २००३ मध्येच दाखवले की तेच 'एनके-१' कुलूप स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींतही वाढलेले असते. दुखण्याची यंत्रणा आणि वाढीची यंत्रणा कोठेतरी एकमेकींशी बोलतात.

परत आल्यावर डॉ. श्रीखंडे यांनी हातातली सुरी सोडली नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याचा कर्करोग काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील ॲलन व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३५ मध्ये मांडली. स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा एकत्र काढून उरलेले तीन ठिकाणी जोडायचे. त्यात स्वादुपिंडाचा जोड सर्वांत दगाबाज, कारण तो रस गळला तर शेजारच्या अवयवांनाच पचवू लागतो. एके काळी या शस्त्रक्रियेत चार-पाच रुग्णांमागे एक दगावत असे. आज जेथे ती नियमित होते अशा मोठ्या केंद्रांत हे प्रमाण शेकडा पाचाच्या आत आले आहे. टाटा रुग्णालयातील सुमारे दोन दशकांचा अनुभव डॉ. श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. ही शस्त्रक्रिया एका ठरावीक, सरावलेल्या चमूकडे सोपवल्यावर निकाल सुधारले, असे त्यात दिसते. आपल्या नातेवाइकावर अशी मोठी शस्त्रक्रिया ठरली तर 'आपल्याकडे वर्षाला अशा किती होतात?' हे डॉक्टरांना जरूर विचारावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

हीच कहाणी पचनमार्गात इतरत्रही आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली जंतूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. तो 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' जंतू जठराच्या कर्करोगाचे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये मान्य केले आणि मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. पित्ताशयातील जुने खडे आणि तेथील कर्करोग यांचे नाते उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या काठच्या स्त्रियांमध्ये, ठळक दिसते.

आणि पचनमार्ग सुरू होतो तोंडापासून. धार असो की देवास, मुलांच्या खिशात काय असते हे शिक्षकांना ठाऊक आहे. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर आधी जळजळते, मग पांढरट, ताठर होते आणि जबडा उघडेनासा होतो. डॉ. सत्यवती सिरसाट यांनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्याबरोबर १९६६ साली या आजाराचे जे वर्णन केले, ते आजही जगभर आधार मानले जाते. त्याही टाटा रुग्णालयाच्याच परिसरात काम करीत. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे २००४ साली जाहीर झाले. आपल्या मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटखाबंदी केली, देशात सर्वांत आधी. तेव्हापासून पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली! २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. विश्वस्त मंडळींना विनंती आहे की फाटकाबाहेरच्या टपऱ्यांचा विषय पुढील बैठकीत घ्यावा. मुलांनी आजच आरशासमोर आपली तीन बोटे उभी, एकावर एक, तोंडात घालून पाहावीत. जात नसतील तर लपवू नये, आईला सांगावे आणि दंतवैद्याकडे जावे.

आता काविळीविषयी. माळव्यात काविळ झाली की आधी ती 'झाडून' घेण्याची चाल आहे. चुन्याच्या पाण्यात हात धुतले जातात, पाणी पिवळे होते आणि सर्वांना हायसे वाटते. दूषित पाण्याने झालेली काविळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे श्रेय झाडणाऱ्याला मिळते. पण पित्तनलिका दबल्यामुळे झालेली काविळ उतरत नाही, वाढत जाते. पोट न दुखता डोळे पिवळे होणे, मातकट पांढरी शौच, अंगभर खाज, कारणाशिवाय वजन उतरणे किंवा पन्नाशीनंतर अचानक मधुमेह जडणे, यांतले काही दिसले तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी. ती जिल्हा रुग्णालयात होते, पुढील तपासणीसाठी इंदूरचे एम. वाय. रुग्णालय आहे आणि आयुष्मान कार्ड असेल तर ते सोबत न्यावे. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनलिकेला लागून असते, त्यामुळे ती कधी कधी लहान असतानाच काविळीने स्वतःची वर्दी देते. व्हिपल यांची शस्त्रक्रिया ज्या रुग्णांवर करता येते, त्यांतले अनेक जण या पिवळ्या डोळ्यांमुळेच वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचलेले असतात.