सतरा नंबरच्या सीटवर कोण बसलंय? कर्नल, पीआयडी आणि रेस कंडिशन

वर्ध्याहून मी बोलतोय. हेडफोन जवळ नसतील तर आजचा भाग वाचून काढा, सगळं यात आलंय.

आधी एस.टी.त बसू. वर्धा–नागपूर गाडी. सतरा नंबरच्या सीटवर एक बाबा डोळे मिटून बसलेत. त्यांनी कंडक्टरला सांगून ठेवलंय, "सेलू आलं की उठवा भाऊ." कंडक्टरने लक्षात काय ठेवलं? सतरा नंबर, सेलू. पण बाबांचा बेत बदलला आणि ते पवनारलाच उतरून गेले. त्यांच्या जागी नागपूरला जाणारा एक पोरगा बसला आणि तोही झोपला. सेलू आलं. कंडक्टरने सतरा नंबरला हलवलं, "चला, उतरा!" पोरगा अर्धवट झोपेत उतरला आणि गाडी निघून गेली.

कंडक्टरकडची माहिती खोटी नव्हती. घेतली तेव्हा ती खरी होती, वापरली तेव्हा राहिली नव्हती. दोन कामं आपापल्या गतीने चालली आहेत आणि आधी कोणतं होतं यावर निकाल बदलतो, याला रेस कंडिशन म्हणतात.

आता फोनमध्ये या. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. मेमरी, प्रोसेसर, फाइली यांचा कारभार तो बघतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, कर्नल एक नंबर देतो: पीआयडी. हे नंबर संपणारे आहेत. लिनक्समध्ये ठरलेली मर्यादा पूर्वापार 32768 आहे, ती वाढवता येते. शेवटाला पोचलं की कर्नल पुन्हा खालून मोकळे नंबर वाटायला लागतो. म्हणजे आज सतरावर बाबा, उद्या पोरगा.

कर्नलच्या बाहेरची टूल्स मात्र नंबरवरच काम करतात. "2214 बंद कर" असा निरोप टूल पाठवतं. नंबर वाचला आणि निरोप पोचला, या दोन्हींच्या मधे जुना 2214 मेला आणि नवा 2214 जन्मला, तर मरतो नवा.

हे मी स्वतः भोगलंय. रेकॉर्डिंगसाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. रेकॉर्डर सुरू केला की ती त्याचा पीआयडी एका फाइलीत लिहायची, आणि पुढच्या वेळी आधी त्या नंबरला जबरदस्तीने बंद करायची. मे महिन्यात एका रात्री लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच गेलेली. मशीन बंद पडलं, फाइल तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी आजीच्या जात्यावरच्या ओव्या थेट एडिटरमध्ये रेकॉर्ड केल्या. सेव्ह करायच्या आधीच स्क्रिप्ट चालवली. कालचा नंबर आज नेमका एडिटरला मिळाला होता. खिडकी गायब, चाळीस मिनिटं गायब. आजीने पुन्हा म्हणून दाखवलं, पण दोन ओव्या तिला काही केल्या आठवल्या नाहीत.

माझ्या बाबतीत मधली फट रात्रभराची होती. खऱ्या रेसमध्ये ती मायक्रोसेकंदांची असते. म्हणून टेस्टिंगमध्ये दिसत नाही आणि लोड वाढला की उगवते.

मग मारण्याआधी नाव तपासलं तर? चेहरा बघून मग हलवायचं? फट लहान होते, पण बुजत नाही. तपासणं आणि मारणं ही दोन वेगळी पावलं आहेत, मधे काहीही होऊ शकतं.

खरा उपाय लिनक्समध्ये 2019 साली आला: पीआयडीएफडी. नंबरऐवजी कर्नल त्या एकाच प्रोसेसला बांधलेलं हँडल देतो. प्रोसेस मेला तरी ते हँडल दुसऱ्या कोणाला लागत नाही, "असा प्रोसेस नाही" एवढंच उत्तर येतं. कंडक्टरने सीट नंबर सोडून बाबांच्या मनगटाला दोरी बांधली, असं समजा. त्या हँडलवर सिग्नल पाठवायची सोय 5.1 आवृत्तीत आली. प्रोसेस जन्मतानाच हँडल घ्यायची 5.2 मध्ये. आधीच चालू असलेल्या प्रोसेसचं हँडल उघडायची 5.3 मध्ये. जन्मतानाच घेतलेलं उत्तम, कारण नंतर उघडायला परत नंबरच द्यावा लागतो आणि तिथे फट उरते.

तुमच्या फोनशी याचा संबंध? रॅम भरली की मागची अ‍ॅप्स बंद करणारा एलएमकेडी नावाचा प्रोग्राम अँड्रॉइडमध्ये असतो. तो कर्नलच्या बाहेर चालतो. चुकीच्या अ‍ॅपचा बळी जाऊ नये म्हणून कर्नलमध्ये सोय असेल तिथे तो हेच हँडल वापरतो.

रीबूटनंतर मात्र हँडलही उरत नाही. म्हणून माझी स्क्रिप्ट मी वेगळी दुरुस्त केली. नंबरची फाइल आता मशीन बंद झालं की पुसली जाते, अशा जागी आहे. रेकॉर्डर स्क्रिप्टचंच अपत्य म्हणून चालतो. आईबापाने मेलेल्या अपत्याची नोंद घेईपर्यंत कर्नल तो नंबर दुसऱ्याला देत नाही, हा लिनक्सचा जुना नियम आहे. आणि हो, ऑटोसेव्ह चालू केलंय.

कोड लिहिणाऱ्यांनी एवढं बघा: तुमचा प्रोग्राम कुठे आधी बघतो आणि मग करतो? त्या दोन ओळींच्या मधे जग बदललं तर काय होईल? सापडलं तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात.